खेळाचा जमाखर्च

दिवाळीच्या सुट्टीतला पोरांचा किल्ला हा घरादाराला एक उपद्रवच असतो. अंगणभर चिखल होतो, माळ्यावरची गोणपाटे नाहीशी होतात, देवघरातल्या ताम्हनाचा तलाव होतो, आणि बुरुजाखाली पेरलेले अळिवाचे शेत पाणी घालघालून कुजून जाते. तरीही आजवर कोणत्या शहाण्या आईबापांनी 'हा किल्ला कशासाठी?' असा प्रश्न पोरांना विचारला नव्हता. आता विचारतात. तोंडाने नव्हे, रीतीने विचारतात. गल्लोगल्ली किल्ल्यांच्या स्पर्धा भरतात, परीक्षक वही घेऊन येतात, प्रमाणपत्रे छापली जातात. मग आदल्या रात्री वडील स्वतः ओळंबा लावून बुरूज सरळ करतात, काका महादरवाजाला रंग देतात, आणि ज्याचा किल्ला तो पोरगा बिचारा तांब्यातून पाणी आणून द्यायच्या कामावर असतो. बक्षीस मिळते, वर्तमानपत्रात नावही येते. किल्ला तेवढा पोराचा राहत नाही.

गोष्ट क्षुल्लक आहे. पण तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो दिवाळीच्या फराळाबरोबर चघळण्याइतका खमंग आहे. लहान मुलाच्या खेळाने कुणाला हिशेब द्यावा काय? त्याचे हसणे, रडणे, रुसणे, तासन् तास मातीत रमणे या सर्वांना पुढील आयुष्यातल्या कुठल्यातरी लाभाच्या खात्यात जमा केल्याशिवाय त्यांना किंमतच नाही काय?

जुन्या पिढीचे उत्तर सरळ होते. खेळ म्हणजे उनाडकी. पाटी घेऊन बस, नाहीतर गुरे राखायला जा. या उत्तरात क्रौर्य होते, परंतु लबाडी नव्हती. आणि पोरेही तितकीच सरळ असत. मोठ्यांची पाठ वळली की विटीदांडू बाहेर निघे. मोठ्यांना खेळ कळत नव्हता, हाच खेळाचा मोठा बचाव होता.

आजचे उत्तर अधिक सुसंस्कृत आहे. 'खेळू द्या हो त्याला, खेळातूनच मूल शिकते!' ऐकायला किती गोड वाटते. विधान खोटे आहे असेही नाही. पण त्यात एक अट गुपचूप बसलेली आहे: शिकते, म्हणून खेळू द्या. पूर्वी एकत्र कुटुंबात एखादी विधवा आत्या असे. ती पापड लाटते, बाळंतपणे काढते, मुले सांभाळते, म्हणून तिला माजघरात जागा असे. तिला कुणी वाईट वागवीत नसे. परंतु ज्या दिवशी तिचे हात थकत त्या दिवशी ती 'असते कशाला?' हा प्रश्न सर्वांच्या डोळ्यांत उमटे. आजच्या घरात आणि बालवर्गात खेळाला जी जागा मिळाली आहे ती या आत्याच्या जागेसारखी आहे. मणी ओवले तर अंक यावेत, चिखल मळला तर बोटे अक्षरासाठी वळावीत, गाणे म्हटले तर शब्द वाढावेत. आणि नुसतेच खिडकीचे गज धरून पावसाकडे पाहत बसले तर? त्याचे कार्ड छापलेले नाही!

युरोपातही या प्रश्नावर मोठमोठी माणसे अडखळली आहेत. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि पुढे तिला बालोद्यान असे नाव दिले. त्याने खेळाला जवळजवळ धर्माच्या पायरीवर बसविले. १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत माँटेसरीबाईंनी बालगृह उघडले, तेव्हा त्यांना दिसले ते निराळेच. देखण्या बाहुल्या बाजूला ठेवून मुले दट्ट्यांत आणि ठोकळ्यांत गढून जात. बाईंनी निष्कर्ष काढला की मुलाला खेळ नव्हे, काम हवे असते. मला वाटते, हा वाद मोठ्यांच्या कोशातला आहे. डोळ्यांत प्राण आणून दट्ट्या खाचेत बसविणाऱ्या मुलाला तुम्ही त्याला काम म्हणा की खेळ म्हणा, काय फरक पडतो? त्याला हवे आहे ते एवढेच की, त्याचे होईपर्यंत त्याला कुणी हाक मारू नये.

आमच्या वऱ्हाडात, देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी, खेळ एके काळी ऋतूंच्या हवाली होता. आश्विनात बालाजीची यात्रा भरते, तेव्हा पिपाण्या आणि भिंगऱ्या घरोघर येतात. त्याच सुमारास संध्याकाळी मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायचा तो विलक्षण खेळ सुरू होतो. गोड की तिखट, कोरडे की ओले, असे विचारीत विचारीत साऱ्या आळीला वेड लागते. त्यात शिकण्यासारखे काय आहे, हे कुणी कधी विचारले नाही. आता त्याच गावात तीन वर्षांच्या पोराच्या पाठीवर दप्तर दिसते, आणि त्याच्या वहीत, ज्याला अजून सरळ रेघ ओढता येत नाही अशा हाताने, ओळीत वीस वेळा गिरवलेले अक्षर दिसते. शाळाप्रवेशासाठी मुलाची वा आईबापांची चाळणी करायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. पण आईबापांच्या मनातली चाळणी कोणत्या कायद्याने बंद व्हावी?

थट्टा पुरे. खेळाची बाजू खरोखर समजून घ्यायची असेल तर प्रथम रडण्याकडे पाहावे लागते; कारण ही दोन्ही पाणी एकाच झऱ्याचे आहेत.

जूनच्या अखेरीस, पहिल्या आठवड्यात, कोणत्याही अंगणवाडीच्या दाराशी उभे राहा. एक पोर दाराची चौकट धरून टाहो फोडत असते. आई घाईत असते. मजुरीचा टोळीवाला थांबत नाही. मग सभोवारची सारी मोठी माणसे, त्यात दुष्ट कुणीच नसते, त्या पोराशी खोटे बोलू लागतात. 'आई आत्ता येते हं.' 'ती बघ चिमणी!' 'उगी राय, नाहीतर पोलीस धरून नेईल.' कुणी म्हणते, 'एवढा मोठा झालास अन् रडतोस?' वय वर्षे तीन! पोर हुंदके देत गप्प होते, आणि सर्वांना वाटते, जमले.

मला येथे विचारावेसे वाटते की, मोठ्या माणसाशी आपण असे वागलो असतो काय? ज्याची आई गेली आहे अशा शेजाऱ्याला आपण 'ती बघ चिमणी' म्हणत नाही. त्याच्याजवळ बसतो. मुलाचे दुःख लहान असते, असे आपण मानतो, कारण आपल्याला माहीत असते की आई संध्याकाळी येणार. पण त्याला ते माहीत नसते. त्याच्यापुरती आई गेलीच आहे. दुःखाचे माप दुःख करणाऱ्याच्या ज्ञानावरून घ्यावयाचे, पाहणाऱ्याच्या नव्हे. एखादी जाणती सेविका असते, ती पोराला कडेवर घेऊन सांगते, 'आई वावरात गेली. तुला आई पाहिजे ना? ऊन त्या भिंतीच्या खाली उतरलं की येईल.' पोर रडायचे थांबत नाही. पण थोड्या वेळाने ते भिंतीकडे पाहून रडू लागते. मग नुसतेच पाहू लागते. त्याला थाप मिळालेली नसून घड्याळ मिळालेले असते.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच पोर कोपऱ्यात एका बाहुलीला निजवून तिला बजावीत असते, 'रडू नको. मी वावरात जाऊन येते.' हाच तो खेळ, ज्याचा हिशेब आपण मागतो. जे सोसवत नाही ते मूल खेळते. सुई टोचली की ते घरी येऊन मांजराला सुई टोचते. बाप कुणावर ओरडला की दुसऱ्या दिवशी ओट्यावर ठोकळ्यांची शाळा भरते आणि मास्तर त्यांच्यावर तस्साच ओरडतो. २०२० साली अंगणवाड्यांना कुलुपे लागली, शिधा घरपोच होऊ लागला, तेव्हा मुले ओसरीवर तोंडाला फडके बांधून एकमेकांना दवाखान्यात नेत होती. घरात कुणी गेले, तर मुले चौघांच्या खांद्यावरून बाहुली नेतात. तेथे मात्र हमखास पाठीत धपाटा बसतो: 'अभद्र कुठले!' अभद्र काय त्यात? आपण तेराव्यापर्यंत गरुडपुराण ऐकतो. त्यांचे पुराण ते असते.

तेव्हा खेळ हा मुलाचा स्वतःशी चाललेला संवाद आहे. तो ऐकायला मिळाला तर ऐकावा. पण त्यात मध्ये बोलू नये आणि त्याचा करार तर मुळीच करू नये. करार कसा होतो, त्याची आख्यायिका आमच्या अगदी उशाशी आहे. देऊळगाव आणि सिंदखेड ही दोन्ही गावे 'राजा' हे बिरुद मिरवतात ते जाधवरावांच्या घराण्यामुळे. सिंदखेडच्या वाड्यात रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या जिजाऊने आणि मालोजी भोसल्यांच्या लहानग्या शहाजीने एकमेकांवर रंग उडविला. लखुजी जाधव कौतुकाने म्हणाले, जोडा कसा शोभतो! झाले. मालोजी उठून उभे राहिले आणि भर बैठकीत म्हणाले की सोयरीक ठरली, सर्वांनी ऐकले आहे. त्यावरून पुढे रुसवे झाले, मनसबीच्या गोष्टी निघाल्या, अखेर लग्न झाले. बखरीतल्या या कथेत इतिहास किती आणि रंग किती, हे इतिहासकारांनी पाहावे. माझे लक्ष दुसरीकडेच जाते. दोन मुले रंग खेळत होती. मोठ्यांनी त्यात आपले राजकारण पाहिले, आणि त्या क्षणी तो खेळ संपला. पुढे महाराष्ट्राचे कल्याण झाले, हे खरेच. म्हणून तर ही कथा आपण हसत सांगतो. परंतु त्या दोघांचा रंग खेळून झाला होता की नाही, हे कोणत्याही बखरकाराने लिहिलेले नाही.

येथवर वाचून कुणी परखड गृहस्थ विचारील: हे सारे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, त्या मुलाला खेळ द्यायचा की भाकरी? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला खरे उत्तर महाराष्ट्रात दोन बायकांनी दिले आहे, आणि ते त्यांनी लेख लिहून नव्हे, जन्म घालवून दिले.

ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत जन्मल्या. लग्नानंतर काही वर्षे त्या आमच्या वऱ्हाडात, अमरावतीस होत्या. पुढे संसार मोडला आणि त्या काठेवाडात गेल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले होते. मिशा असलेली आई असे या माणसाचे नाव पडले होते, यावरून त्याची जात ओळखावी. १९२३ पासून ताराबाई त्यांच्याबरोबर राहिल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. हे सर्व शहरी, सुस्थित मुलांसाठी चालले होते आणि उत्तम चालले होते. ताराबाईंना तेच बोचू लागले. माँटेसरीचे ते गुळगुळीत, महागडे साहित्य ज्याच्या बापाला परवडते त्यानेच काय तेवढे आनंदाने वाढावे? १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. या बाईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले होते आणि सहा महिन्यांच्या आत कपाळ पांढरे झाले होते. म्हणजे जिचे स्वतःचे बालपण समाजाने मुळातून खुडून टाकले, ती पुढची सत्तेचाळीस वर्षे दुसऱ्यांच्या पोरांना खेळवीत बसली. १९९२ साली कोसबादलाच त्यांनी देह ठेवला. वर मी माजघरातल्या आत्याविषयी लिहिले ते उगाच नाही.

बोर्डीला काय घडले? शाळा काढली, आणि आदिवासी पाड्यांवरची मुले आली नाहीत. दुसरे कुणी असते तर 'या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही' म्हणून अहवाल पाठवून मोकळे झाले असते. या दोघी पाड्यावर गेल्या. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी मुलाच्या अंगणात गेली पाहिजे! यातून अंगणवाडी निघाली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिचे नावही कुरणशाळा. शिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य झाले. आंघोळ घालणे, नखे काढणे, खाऊ देणे हाच पहिला पाठ झाला. भाकरी की खेळ, असा प्रश्न तेथे कुणाला पडलाच नाही. खाऊ खाता खाता खेळ सुरू होत असे.

परंतु त्यांच्या ध्यानात आलेली सर्वांत मोठी गोष्ट निराळी होती. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर भाऊ आहे. आई रानात, बाप रानात. धाकट्याला सांभाळायला ही. म्हणजे धाकट्याचे जे काही लाड होतात ते थोरलीच्या खेळण्यातून वजा होत असतात! ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरविली आणि तिला विकासवाडी म्हटले. बहिणीने भावाला कडेवर घेऊन यावे, पाळण्यात ठेवावे आणि स्वतः पाटीवर बसावे. बालशिक्षणाच्या शोधांत याहून मोठा शोध मला तरी ठाऊक नाही; आणि त्याला एकही यंत्र लागले नाही. मुलाचा खेळ फुकट नसतो, त्याची किंमत घरातले दुसरे कुणीतरी मोजीत असते, हे त्या दोघींनी पाहिले. जमाखर्चच मांडायचा तर तो येथून मांडावा.

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली; महाराष्ट्रात तिचा प्रारंभ मेळघाटातल्या धारणीस झाला, आणि कोसबादचा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्याच्यामागचे अंगण किती गेले, हा प्रश्न आहे. योजनेत पोषण आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी अशा सहा सेवा आहेत, त्यांत पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. सेविका मुलाचे वजन करते, उंची मोजते, शिधा वाटते, गरोदर बायकांची नोंद ठेवते. २०२१ पासून हे सारे पोषण ट्रॅकर नावाच्या मोबाइलमधल्या ॲपवर भरते. वजनाला रकाना आहे. कोपऱ्यात बाहुलीला निजविणाऱ्या पोराजवळ ती दहा मिनिटे गप्प बसली, याला रकाना नाही. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. आपल्या भाषेतले मानाचे शब्द बहुधा पैसे वाचविण्यासाठी घडलेले असतात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगावे तेव्हा तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना दीर्घ संप करावा लागला. मुलाच्या मनाची काळजी घ्या, असे जिला आपण सांगतो तिच्या मनाची काळजी कुणी घ्यायची, हे मात्र कोणत्याच परिपत्रकात नसते.

वजनाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. तीव्र कुपोषित मुलांच्या उपचाराची जागतिक आरोग्य संघटनेने दहा पायऱ्यांची रीत आखून दिली आहे. साखर, ऊब, पाणी, औषध, आहार असे करीत नवव्या पायरीवर काय येते? मायेची वागणूक आणि खेळ. रोज १५ ते ३० मिनिटे ठरवून खेळविणे. डॉक्टरांना कळून चुकले आहे की, भुकेने खंगलेले मूल खेळत नाही, आणि ज्या दिवशी ते खुळखुळ्याकडे हात करते त्या दिवशी ते परत येऊ लागलेले असते. गावातल्या कोणत्याही आजीला हे ठाऊक आहे. 'ताप उतरला का?' असे विचारले तर ती म्हणते, 'उतरला. खेळायला लागलं की!'

येथे तो परखड गृहस्थ मला पकडील: तुम्हीही शेवटी खेळाचा उपयोगच सांगितलात! तसे नव्हे. आई मुलाला जेवू घालते तेव्हा वजन वाढते, हे खरेच. पण ती वजनासाठी घास भरवीत नाही. वजन न वाढणारे मूल तिने उपाशी ठेवले असते काय? उपयोग असला तर असो बापडा. त्याला पुढच्या दाराने पाहुणा म्हणून येऊ द्यावे, घरमालक म्हणून नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला आणि भारताने १९९२ मध्ये तो मान्य केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात मुलाला विश्रांतीचा, फावल्या वेळाचा आणि खेळाचा हक्क दिला आहे. विश्रांती आणि खेळ एका ओळीत बसविणारा तो कोणी अनामिक मसुदालेखक मला फार शहाणा वाटतो. आपल्या राज्यघटनेत मात्र सहा वर्षांखालच्या मुलांबाबत २००२ च्या दुरुस्तीनंतरही एवढेच आहे की, राज्य प्रयत्न करील. चौदा वर्षांपर्यंतच्या थोरल्यांना शिक्षणाचा हक्क, धाकट्यांना प्रयत्न.

प्रयत्नांत दिवसाचा एक तुकडा नेहमी सुटून जातो. अंगणवाडी दुपारी सुटते आणि कापूस वेचायला गेलेली आई दिवेलागणीला येते. मधले तास कुणाचे? २०२२ पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली आहे. कोसबादची ती जुनी कल्पना इतक्या वर्षांनी दिल्लीहून परत आली म्हणायची. ती गावोगाव पोचेपर्यंत धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी आहेच, आणि गावात थोरली बहीण आहे. आश्विनात संध्याकाळी भुलाबाईच्या अंगणात पाहावे. दहा-बारा मुली फेर धरून असतात. त्यांत एकीच्या कडेवर शेंबडे पोर असते. ती त्याला या कडेवरून त्या कडेवर घेते, गाण्याची ओळ चुकते, पुन्हा पकडते. खिरापतीचा डबा पुढे येतो. सगळ्या ओरडत असतात, शेव, चिवडा, लाडू, करंजी! तीही ओरडते, आणि तेवढ्यात कडेवरचे पोर भोकाड पसरते म्हणून तिला डब्याचे झाकण उघडण्याआधीच घराकडे वळावे लागते.